अक्षरं पाठ, पण वाचन अडतंय

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. मुळाक्षरं, बाराखडी घडाघडा म्हणते. पण 'मका' लिहून दाखवलं की गप्प होते. काय करावं?

उत्तर : काळजी करू नका. क्रम तिच्या कानात बसलाय, अक्षर अजून डोळ्यांत बसलेलं नाही. बाराखडी काही दिवस बाजूला ठेवा. क, म, न, ल आणि काना एवढंच घ्या. त्यातूनच नाक, कान, मान, लाल, काल, मका, कमल असे शब्द तयार होतात. पुठ्ठ्याचे तुकडे करून तिलाच ते जुळवू द्या. 'कान'मधली अक्षरं फिरवली की 'नाक' होतं, हे तिला स्वतःला सापडलं पाहिजे. तुम्ही आधी सांगू नका.

घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. दुसरी वेलांटी आधी घ्या. पहिली अक्षराच्या अलीकडे लिहितात आणि उच्चार मात्र नंतर, त्यामुळे मुलं हमखास गोंधळतात. जोडाक्षरांची तर अजिबात घाई नको.

रोज रात्री शब्दांखाली बोट फिरवत तिला गोष्ट वाचून दाखवा. ती स्वतः वाचू लागली आणि अडली तर रागावू नका, शब्द सांगून पुढे जा. आणि गोष्ट संपल्यावर प्रश्नोत्तरं मुळीच नकोत.