आधी गट झाका, मग ड्यूरा खोडा

येलहंका न्यू टाउनमधल्या भाड्याच्या खोलीत बसून मी दोन महिने एमआरआयमधले मेंदू दुरुस्त करत होते. बाहेर हवाई दलाच्या तळावरची विमानं, समोर पडद्यावर राखाडी काप आणि त्यावर दोन रेघा. पिवळी रेघ व्हाइट मॅटरची कड, लाल रेघ ग्रे मॅटरची बाहेरची कड. दोन्हींमधलं अंतर म्हणजे कॉर्टेक्सची जाडी, सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास. स्कॅनचा एक व्हॉक्सेल, म्हणजे प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळाच साधारण 1 मिलिमीटरचा. लाल रेघ अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी तिथली जाडी पाचव्या हिश्शाने बदलते.

या रेघा फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर काढतं. डेल, फिशल आणि सेरेनो यांनी 1999 मध्ये ही पद्धत मांडली. काम उत्तम करतं, पण कानशिलाजवळ फसतं. तिथे मेंदूचं जाड आवरण, ड्यूरा, कॉर्टेक्सला अगदी चिकटून असतं आणि टी1 स्कॅनमध्ये ग्रे मॅटरसारखंच दिसतं. प्रतिमेतून कवटी काढताना ते मागे राहिलं की लाल रेघ बाहेर उडी मारते आणि कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा जाड भरतो.

आमचा अभ्यास विसराळूपणाची तक्रार असलेल्या वृद्धांचा आणि निरोगी वृद्धांचा. नावं काढलेली होती, पण फाइलच्या क्रमांकात रुग्णासाठी 'पी' आणि निरोग्यासाठी 'सी' होतंच. मी 'पी'च्या फाइलींवर जीव ओतला. एकेका कापावर ड्यूरा खोडला. 'सी'च्या फाइली चाळल्या, ठीक वाटल्या, सोडून दिल्या. निकाल झकास आला: रुग्णांचा कॉर्टेक्स ठळकपणे पातळ. परिषदेसाठी सारांशही पाठवला.

मग लातूरहून आलेली एक ज्युनियर निरोग्यांच्या फाइली बघत होती. म्हणाली, "ताई, यांचा ड्यूरा कुणी काढलाच नाही का?"

पोटात गोळा आला. निरोग्यांची जाडी ड्यूरासकट मोजली होती, रुग्णांची ड्यूराशिवाय. त्या फरकातला मोठा भाग माझ्या खोडरबराचा होता. सारांश मागे घेतला. क्रमांक बदलून, गट झाकून, सगळ्या फाइली पहिल्यापासून केल्या. फरक उरला, पण बराच लहान.

म्हणून नव्याने या कामाला बसणाऱ्यांना सांगते. रेघ हाताने ओढायची नसते. ब्रेनमास्कमधले, म्हणजे कवटी काढलेल्या प्रतिमेतले, ड्यूराचे व्हॉक्सेल खोडा आणि लाल पृष्ठभाग पुन्हा काढायला लावा. खोडण्याआधी तिन्ही दिशांचे काप बघा. एका कापात ड्यूरा वाटलेलं दुसऱ्यात कॉर्टेक्सची घडी निघतं. टी2 किंवा फ्लेअर स्कॅन असेल तर तोही द्या, ड्यूरा वेगळा करायला त्याची चांगली मदत होते.

पिवळी रेघ आत खचली असेल तर गोष्ट वेगळी. प्रोग्राम व्हाइट मॅटरची तीव्रता 110 वर आणू पाहतो. कुठे ती कमी पडली की तो भागच सुटतो. तिथे कंट्रोल पॉइंट, म्हणजे 'हे व्हाइट मॅटरच' असं सांगणाऱ्या खुणा, द्यावेत, पण फक्त खात्रीच्या व्हाइट मॅटरवर. मी सुरुवातीला कडेवर टाकले, पिवळी रेघ ग्रे मॅटरमध्ये शिरली आणि कॉर्टेक्स खोटाच पातळ झाला. पॉइंट मोजके टाका, पुन्हा चालवा, मग बघा.

सगळ्या फाइली फ्रीसर्फरच्या एकाच आवृत्तीवर, एकाच प्रकारच्या संगणकावर चालवा. आवृत्ती बदलली की जाडीही बदलते, हे 2012 मध्ये छापून आलेलं आहे. आणि स्कॅनवेळी कुणी हलल्याने धूसर झालेल्या स्कॅनशी झगडू नका. तो वगळा, पण गट न बघता वगळा.

कोणत्या फाइलीत काय खोडलं, किती पॉइंट दिले, याची वही ठेवा. माझ्याकडे ती नव्हती, म्हणूनच दोन महिन्यांचं काम पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्या फाइलींच्या क्रमांकात आज गटाचं अक्षर असेल, तर पहिला व्हॉक्सेल खोडण्याआधी ते सहकाऱ्याकडून बदलून घ्या.