लाल तुझाही आहे

चि. मुक्तास,


तुझा ऋतू ‘ऑटम’ निघाला म्हणून लाल घालूच नकोस, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते विसर. वर्णावरून माणसाचा ‘ऋतू’ आणि त्याला शोभणारे रंग ठरवणाऱ्या या पद्धतीत कुठल्याच ऋतूला लाल वर्ज्य नाही. फक्त प्रत्येकाचा लाल वेगळा. ‘विंटर’ला निळसर झाक असलेला ठसठशीत लाल, ‘समर’ला कलिंगडाच्या गरासारखा निवलेला, ‘स्प्रिंग’ला पोवळ्याचा. तुझ्या वाट्याला विटकरी, गेरूचा, पिकल्या टोमॅटोचा लाल आला आहे. तो काही कमी प्रतीचा नाही.

आणि ‘ऑटम’ हा शिक्काही फार घट्ट धरू नकोस. माणसाच्या वर्णाचं आणि त्याला आवडणाऱ्या रंगांचं नातं स्विस चित्रकार योहानेस इटेन यांनी आपल्या विद्यार्थ्यांमध्ये टिपलं. पुढे 1980 साली कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ने ऋतूंची विभागणी अमेरिकेत घरोघरी नेली. त्या पुस्तकात आपल्यासारख्या सावळ्या बायकांना जवळजवळ सरसकट ‘विंटर’मध्ये टाकलं होतं. आपल्याकडच्या एकाच घरात गव्हाळ, निमगोरी, काळीसावळी अशा तीन बहिणी असतात, त्यांना एका खणात कोंबणं मला कधीच पटलेलं नाही. तेव्हा तक्त्यापेक्षा आरशावर विश्वास ठेव.

सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता, केस मागे बांधून खिडकीपाशी बस. ऊन थेट अंगावर नको, उजेड हवा. अंगातल्या कपड्यावर पांढरा पंचा घे आणि हनुवटीखाली एकेक लाल कापड धर. डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली, ओठांच्या कडा काळपटल्या, की तो लाल बाजूला ठेव. चेहरा नितळ दिसला आणि नजर आधी डोळ्यांकडे गेली, तर तो तुझा. दुकानात मात्र हे कळत नाही. तिथल्या पिवळ्या दिव्यांखाली डाळिंबीसुद्धा शेंदराकडे झुकतो. साडी दारापर्यंत नेऊन बघायला लाजू नकोस, चांगला दुकानदार स्वतःहून नेतो. धूपछाँव रेशीम असेल तर चिमटीत धरून मुडपून बघ. लाल ताण्यात पिवळा बाणा असेल तर घडीच्या कडेला नारिंगी चमकेल, ते तुझं. निळा असेल तर जांभळट झाक येईल, ते तुझ्या ताईला शोभेल.

आता आजीच्या शालूबद्दल. तो डाळिंबी आहे, थंड लाल, म्हणून लग्नात नेसायचा नाही असं तू ठरवलंस, याचं मला वाईट वाटलं. अगं, साडीत चेहऱ्याला भिडतो तो ब्लाउज आणि खांद्यावरचा पदर. निऱ्या चेहऱ्यापासून किती लांब असतात! ब्लाउज जुन्या सोन्याच्या रंगाचा शिव, बंद गळ्याचा नको. पदर बारीक चुण्यांचा करून पिन लाव, म्हणजे गळ्याशी जरीचा काठ येईल. मोती घालू नकोस, सोनंच घाल. ठुशी पुरे.

शालूची घडी जुनी आहे, ती उलगडून दोन दिवस सावलीत मोकळी ठेव, इस्त्री लगेच फिरवू नकोस. ब्लाउजचं कापड मी आणते. शिंप्याला मात्र आत्ताच सांगून ठेव, लग्नसराईत तो तारीख देत नाही.

तुझी,
मावशी