तवा, बादली आणि तुझं गणित

छोटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सूत्र पाठ आहे गं, पण उष्माधारकता म्हणजे नक्की काय, तेच कळत नाही." बरं झालं बोललीस. दहावीत मी सूत्रात आकडे घालून मार्क मिळवले, विचारायची लाज वाटली, आणि अकरावीत अडले. तुझं तसं व्हायला नको.

मला वाटतं, घोळ त्या शब्दानेच होतो. धारकता म्हटलं की हंड्यात किती मावतं ते डोळ्यांपुढे येतं. इथे काठोकाठ भरायचा प्रश्नच नाही. वस्तूचं तापमान एक अंशाने चढवायला किती उष्णता लागते, एवढंच विचारायचं.

आज पोळ्या करताना तव्याकडे बघ. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एका किलोला एक अंश चढायला लागणारी उष्णता, साधारण 0.11 किलोकॅलरी. एक किलोचा तवा 25 अंशांवरून 225 वर न्यायचा, तर 1 × 0.11 × 200, म्हणजे 22 किलोकॅलरी. आता आंघोळीची बादली. 15 लिटर पाणी, म्हणजे 15 किलो, 25 वरून 40 अंशांवर. पाण्याची 1, म्हणून 15 × 1 × 15, झाले 225! बोट लागलं तर फोड उठेल असा तवा, आणि अंगाला सुखावणारं पाणी. तरी पाण्याने दहापट उष्णता घेतली. इथे जरा थांब, घाई करू नकोस. तापमान वेगळं, उष्णता वेगळी, हे इथेच कळतं.

आणि यात अडखळणारी तू काही पहिली नाहीस हं. जड पदार्थ तापायला जास्त उष्णता लागणार, असं एके काळी विद्वानांनाही वाटायचं. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. पण सारख्याच आकारमानाचा पारा पाण्याच्या आधी तापतो! 1760 च्या सुमारास ग्लासगोमध्ये शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: प्रत्येक पदार्थाची उष्णतेची भूक वेगळी, ती वजनावरून ठरत नाही.

एक मात्र सांभाळ. पाणी उकळायला लागलं की हे सूत्र बाजूला ठेव; तिथे उष्णता देत राहिलीस तरी तापमान हलत नाही.

आता 'विशिष्ट'चं. ते एका किलोपुरतं असतं. नुसती उष्माधारकता अख्ख्या वस्तूची. मग सांग, बादलीतलं निम्मं पाणी ओतून टाकलंस तर दोन्हींपैकी काय बदलेल, काय तसंच राहील? वहीत लिही आणि रात्री जेवण झालं की फोन कर.