एमबी मागा, कारण विचारू नका

१९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंट वाटपाच्या प्रकरणात निकाल दिला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. प. बा. सामंत आदींच्या याचिकेत मुद्दा होता तो टंचाईच्या दिवसांत बिल्डरांना मिळालेल्या सिमेंटचा आणि त्याच सुमारास अंतुले यांच्या प्रतिष्ठानाकडे आलेल्या देणग्यांचा. चार वर्षांनी, १९८६ च्या मार्चमध्ये, मुलीच्या एम.डी.च्या गुणांवरून न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर पायउतार झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणात अशोक चव्हाणांचे मुख्यमंत्रिपद गेले. कुलाब्याच्या त्या ३१ मजली इमारतीची कागदपत्रे बाहेर यायला माहिती अधिकाराचे अर्ज मोठ्या प्रमाणात कारणीभूत होते.

त्या काळचे राजकारणी साधुसंत होते, असे मुळीच नाही. पण न्यायालयाने बोट दाखवले की लोक काय म्हणतील, याची धास्ती पक्षाच्या श्रेष्ठींना वाटत असे. ती धास्ती आता ओसरली आहे. आरोप झाला की दुसऱ्या बाजूचा त्याहून मोठा आरोप पुढे केला जातो, चौकशी लागते, मग ती कुठे गेली हे कोणी विचारत नाही. मतदारही बदलला आहे, हे कबूल करायला हवे. ‘खातो, पण कामं तरी करतो’ हे वाक्य पूर्वी दबक्या आवाजात ऐकू येई. आता ते पारावर खुलेआम, कौतुकाने ऐकू येते.

म्हणजे हिशेब वरून, आपोआप मिळण्याचे दिवस सरले. तो खालून, नगरपरिषदेच्या आणि तहसीलच्या टेबलावरून, एकेक कागद काढून मिळवावा लागतो. या वाटेने बरीच वर्षे चाललेल्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव आणि त्यातून इतरांच्या उपयोगी पडेल ते, असा या लेखाचा बेत आहे.

आधी माहिती अधिकार कायद्याची जन्मकथा, कारण त्याचा वापर कसा करावा हे तिच्यातच दडलेले आहे. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचे गाव आहे. १९९० मध्ये तिथे मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. सनदी सेवा सोडून आलेल्या अरुणा रॉय त्यात होत्या. सरकारी कामावरच्या मजुरांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळत नसे. विचारले, तर ‘हजेरीपटावर काम कमी भरलंय’ हे उत्तर. हजेरीपट दाखवा म्हटले, तर ते सरकारी गुपित! डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली आणि सरकारी नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे चालले. घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. त्या मजुरांनी ‘भ्रष्टाचार का होतो?’ असे विचारले नव्हते. त्यांना हजेरीपट हवा होता.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. गोव्याने १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा इतका लुळा होता की तो बदलावा लागला, आणि नवा अमलात यावा म्हणून २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. आज आपण वापरतो तो हाच.

प्रस्तुत लेखकाच्या वस्तीतला रस्ता दर पावसाळ्यात उखडे आणि दर दिवाळीआधी त्यावर काळा थर चढे. नगरपरिषदेकडे अर्ज गेला. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. प्रथम अपील झाले. अपिलीय अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत माहिती द्यावी, असा आदेश काढला. माहिती आली नाही. मग राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील, आणि तिथे प्रतीक्षा. प्रथम अपिलाचा निकाल तीस दिवसांत, फार तर कारण नोंदवून पंचेचाळीस दिवसांत द्यावा लागतो. दुसऱ्या अपिलाला कायद्यात अशी मुदतच नाही. २०२३ च्या मध्यास महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. सुनावणीची नोटीस हातात पडली तेव्हा माहिती अधिकारी बदलून गेला होता, रस्त्यावर नवा थर चढला होता, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जुन्या कामाचा दोषदायित्व कालावधी संपला होता.

हा दोषदायित्व कालावधी फार थोड्यांना ठाऊक असतो. निविदेच्या अटींत तो लिहिलेला असतो. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक काळात रस्ता खचला, भिंत तडकली, तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे. त्याची अनामत रक्कमही तोवर अडकलेली असते. तेव्हा माहिती देण्यातली दिरंगाई ही नुसती कारकुनी सुस्ती नसते. कालावधी सरला की ठेकेदार मोकळा, आणि तोच खड्डा नव्या निविदेला नवे निमित्त. म्हणून कोणत्याही बांधकामाबद्दल अर्ज करताना पहिला कागद मागावा तो कार्यारंभ आदेश आणि त्यासोबतच्या अटी-शर्ती. अजून किती दिवस हातात आहेत ते त्यावरून कळते. कालावधी चालू असेल, तर दुरुस्तीची लेखी मागणी त्याच दिवशी आवकला द्यावी आणि पोच घ्यावी. माहितीची वाट पाहत तक्रार थांबवून ठेवू नये.

पुढची शिकवण मिळाली ती ओळखीतल्या एका निवृत्त शाखा अभियंत्याकडून. ते म्हणाले, “अहो, रस्ता का खराब झाला असं विचाराल, तर आमचा माणूस पाऊस जास्त झाला असं लिहून मोकळा होईल. एमबी मागा. एमबी खोटं बोलली तरी तारखेसकट बोलते.”

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. कोणत्या दिवशी, किती लांबीचा, किती जाडीचा थर मोजला, कोणी मोजला आणि वरिष्ठाने त्यातला किती भाग तपासला, हे तिच्यात सहीनिशी असते. देयक तिच्यावरूनच निघते. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक हे तीन कागद शेजारी ठेवले की फारशी तांत्रिक अक्कल लागत नाही. वस्तीतल्या त्या रस्त्याच्या पुस्तिकेत डांबरी थराचे काम आणि मोजमाप दोन्ही ऐन जुलैतले होते. पावसाळ्यात डांबराची कामे बंद ठेवतात, हे शाळकरी पोरालाही माहीत असते.

‘का’ विचारू नये याला कायद्याचाही आधार आहे, आणि तो अर्जदाराच्या विरुद्ध जातो. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे स्पष्टीकरण ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय निकालात विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, पण नोंदीच नसलेली माहिती कार्यालयाने नव्याने तयार करून देण्याची गरज नाही, हेही सांगितले. त्यात महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम बदलून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली. संतापाने भरलेले चार पानी अर्ज त्यामुळे अलगद फेटाळता येतात. दीडशे शब्द तसे पुष्कळ आहेत. कामाचे नाव, वर्ष, कागदाचे नाव एवढे लिहायला पन्नास पुरतात. कशासाठी हवे, हे लिहायचे नाही. कलम ६(२) नुसार ते विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही, समोरचा कितीही आपुलकीने चहा पुढे करून विचारत असला तरी.

कागद प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे आणि तो वापरणारे फार कमी. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांना फाईली पाहू देण्याची पद्धत आधीपासून होती. २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढून जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी तीन ते पाच ही वेळ त्यासाठी राखली. अनेक कार्यालयांत हा निर्णय कोणाला आठवत नाही, म्हणून त्याची प्रत खिशात न्यावी. फाईल उघडली की आधी टिपणी भाग वाचावा. पत्रव्यवहारात सगळे सभ्य असतात. कोणी काय शेरा मारला, कोणाच्या ‘चर्चा करावी’नंतर प्रस्ताव फिरला, हे टिपणीत दिसते. हवी ती पाने नोंदवून घ्यावीत, दोन रुपये पानाप्रमाणे त्यांच्या प्रती मागाव्यात. तीस दिवसांची मुदत टळली असेल, तर प्रती फुकट द्याव्या लागतात. कलम ७(६) चा उल्लेख केला की पैसे भरण्याचे पत्र सहसा मागे घेतले जाते.

दुसऱ्या अपिलावर भिस्त ठेवणाऱ्याचा धीर सुटतो, म्हणून लढाई प्रथम अपिलातच लढायची. सुनावणीला स्वतः जावे, अर्जातला कोणता कागद मिळाला आणि कोणता नाही याचा तक्ता न्यावा आणि आदेशात मुदतीसह कागदांची नावे लिहून घ्यावीत. ‘नियमानुसार माहिती द्यावी’ एवढ्या आदेशाने काही हाती लागत नाही. विलंबासाठी दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो, पण तो ठोठावण्याचा अधिकार आयोगाचा. प्रथम अपिलाच्या टेबलावर त्याचा नुसता उच्चार पुरतो.

‘फाईल आढळून येत नाही’ हे आणखी एक ठरलेले उत्तर. इथे बहुतेक लोक हात टेकतात. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. त्यातल्या तरतुदींचा भंग करून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. फाईल हरवल्याची फिर्याद कोणी, कोणत्या ठाण्यात, कोणत्या तारखेला दिली, याची प्रत मागणारा एक अर्ज केला की हरवलेल्या फाईली कपाटाच्या मागे सापडू लागतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे अर्ज टाकून वर्ष घालवणारेही पुष्कळ. सरकारने भरीव पैसा न घातलेली सहकारी संस्था ही सार्वजनिक प्राधिकरण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात ठरवले. अर्ज उपनिबंधकाकडे करावा. लेखापरीक्षण अहवाल, चौकशीचे आदेश तिथे असतात.

आता थोडे कडू बोलायला हवे. या कायद्याच्या नावावर खंडणी उकळणारे आहेत, आणि ते प्रत्येक तालुक्यात आहेत. सकाळी अर्ज, संध्याकाळी ‘तडजोड’. त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही बाबू लोक त्याच नजरेने बघतात. कागद मिळाल्यावर ते लगेच चारचौघांसमोर ठेवणे, वस्तीच्या फलकावर लावणे, स्थानिक पत्रकाराला देणे, यावर हाच उपाय आहे. जाहीर झालेल्या कागदाची तडजोड होत नाही.

जिवाची काळजी घेण्याचा उपायही तोच. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे इथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार ते उकरून काढत होते. जमीन, वाळू आणि ठेका यांच्या आसपास एकट्याने फिरू नये. एकाच कागदासाठी चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज केले, तर नेमके कोणाला गाठायचे ते कळत नाही. घरचा पत्ता देणेही सक्तीचे नाही. संपर्कापुरता तपशील पुरतो, टपाल पेटी क्रमांकही चालतो, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केले आहे.

दरम्यान हे दार हळूहळू लोटले जात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले आणि पाच वर्षांची मुदत तीनवर आली. आयुक्ताची खुर्ची किती काळाची हे सरकारने ठरवायचे आणि आयुक्ताने सरकारला दंड करायचा, यातली गंमत वाचकाने समजून घ्यावी. वैयक्तिक माहितीचे कलम ८(१)(ञ) तर अर्ज फेटाळण्याचे आवडते हत्यार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा हवाला नकाराच्या पत्रात छापल्यासारखा येतो. त्या कलमात सार्वजनिक हिताची जी वाट होती, ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने कापली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द लिहून नकार देता येतो.

मात्र कलम ८(२) शाबूत आहे. गोपनीयतेने होणाऱ्या रक्षणापेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल, तर सूट असलेली माहितीही द्यावी, असे ते म्हणते. तेव्हा ठेकेदाराचे देयक किंवा लाभार्थ्यांची यादी मागताना अर्जातच दोन ओळी घालाव्यात: हा खर्च सार्वजनिक निधीतला आहे, कलम ४(१)(ख) नुसार त्याचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा आहे, आणि सूट लावायचीच असेल तर कलम ८(२) खाली केलेला विचार कारणांसह लेखी कळवावा. नकार देणाऱ्याला मग नुसता शिक्का मारून चालत नाही. त्याला टिपणी लिहावी लागते, आणि ती टिपणीही पुढच्या अर्जात मागता येते.