नातीची टाळू कोण भरणार?

प्रश्न : माझी नात जर्मनीत जन्मली. आता चार महिन्यांची आहे. रात्री तिला वेगळ्या खाटेवर निजवतात. अंगाला तेल नाही, टाळू भरणं नाही, पाळणाही नाही. मुलगा म्हणतो, इकडची रीत अशीच आहे. आमच्याकडे तर सगळी मुलं आईच्या कुशीत वाढली. मग चुकतंय कोण? आणि एका बाळाला वाढवायच्या इतक्या तऱ्हा कशासाठी?
— एक आजी, पाली (ता. सुधागड)

उत्तर : आजी, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. रीती वेगळ्या का, आणि त्यांतली बरोबर कोणती? पहिला सुटला की दुसरा बराच सोपा होतो.

बाळाच्या गरजा सगळीकडे सारख्याच असतात : दूध, ऊब, झोप, सुरक्षितता आणि जवळ कुणीतरी माणूस. त्या कुणी भागवायच्या आणि कशा, हे मात्र घर, हवा, आईचं काम आणि मदतीचे हात यांवर ठरतं. हे पाहायला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. पालीच्या पेठेत लेक बाळंतपणाला माहेरी येते, मालिशवाली बाई येते, पाळण्याला झोका द्यायला कुणी ना कुणी असतंच. तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात. तिथे तान्ह्याची झोळी आईच्या कामाजवळच बांधलेली असते आणि राखण थोरली बहीण करते. इथलीच लेक मुंबईत नोकरीला असली, तर बाळ पाळणाघरात जातं. माया तिन्हीकडे तितकीच असते, सोय वेगळी.

आता झोपेचं पाहू. बाळाला जवळ घेऊन झोपणं ही गरिबीची किंवा मागासपणाची खूण आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. जपानसारख्या संपन्न देशातही मुलं आईवडिलांशेजारी झोपण्याची रीत जुनी आहे. युरोप-अमेरिकेत घरात खोल्या वाढल्या आणि मूल लवकर स्वावलंबी व्हावं हा विचार रुजला, तशी वेगळी खोली आली. दुसरा समज असा की, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवा, असं तिकडचे डॉक्टरच सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला मात्र असा आहे : निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं, सपाट आणि घट्ट असावं, त्यावर उशी किंवा जाड पांघरूण नसावं आणि बाळाला पाठीवर निजवावं. झोपेत अचानक होणारे बालमृत्यू टाळण्यासाठी हा सल्ला आहे. म्हणजे नात आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या खाटेवर निजत असेल, तर अगदी योग्यच चाललं आहे.

तेल-मालिशीचं काय? हलक्या हाताने तेल लावलं तर बाळाला स्पर्श मिळतो, त्वचा मऊ राहते. ते जरूर लावावं. टाळू मात्र तेलाने भरत नाही. कवटीची हाडं वाढतात आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती आपोआप भरून येते. तुमच्या नातीची टाळूही अशीच भरेल, त्याची काळजी नको. नाका-कानात तेल सोडू नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बाळगुटीतूनही मध देऊ नये. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मग रीतीचा बाळावर परिणाम होतच नाही का? होतो, पण ज्याचा सराव असेल त्यावर. केनियातल्या कोक्वेत या वस्तीत आया बाळांना मुद्दाम बसायला आणि चालायला शिकवतात. बाळाला आधार मिळावा म्हणून जमिनीत छोटा खळगा करून त्यात बसवतात. चार्ल्स सुपर या संशोधकाने १९७६ मध्ये नोंदवलं की, ही बाळं अमेरिकन बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसतात आणि चालतात. रांगणं त्यांना कुणी शिकवत नाही, आणि त्यात ती पुढे नसतात.

स्वभावाचंही असंच. विसाव्या शतकाच्या मध्यात सहा देशांतल्या मुलांचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. त्यात उत्तर प्रदेशातलं खालापूर हे गावही होतं. आपल्या शेजारचं खालापूर ते नव्हे. त्याच अभ्यासातल्या केनियाच्या ज्या गावात मुलांना धाकटी भावंडं सांभाळावी लागत, तिथली मुलं इतरांची काळजी घेण्यात पुढे दिसली. पण भावंडं सांभाळता सांभाळता थोरल्या बहिणीची शाळा बुडते, ही त्या रीतीची दुसरी बाजू आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेल्या बहिणीलाही शिकता येईल. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. रीतीला नावं ठेवण्याआधी तिच्यामागची अडचण पाहिली, म्हणून हा मार्ग सापडला.

याचा अर्थ प्रत्येक रीत सारखीच चांगली, असा मात्र नाही. मुलांना मार देणं हा आपला संस्कार आणि न मारणं हे परदेशी खूळ, असं पुष्कळजण मानतात. पण पालीच्या कथेत देवाच्या नादी लागलेल्या बल्लाळला त्याच्या बापाने बेदम मारून झाडाला बांधलं, तेव्हा गणपती मुलाच्या हाकेला धावला आणि त्याचंच नाव घेऊन इथे राहिला. तिकडे स्वीडनमध्येही एके काळी मुलांना मार बसत असे. १९७९ मध्ये तिथे घरातही मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी आली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला मनाई केली. वाईट रीत मोडता येते, ती इथेही आणि तिथेही.

तेव्हा आजी, कोणतीही रीत पारखताना दोनच गोष्टी विचारा : हिने बाळाची कोणती गरज भागते, आणि हिच्यात काही धोका आहे का? धोका असेल तर ती आपली असली तरी सोडावी. नसेल तर परक्या रीतीलाही जागा द्यावी. नात इकडे आली की तेलाची वाटी जरूर काढा, फक्त सुनेला विचारून. आणि तोवर फोनवरून रोज तिच्याशी मराठीत बोला. बाळ कोणत्याही देशात वाढो, त्याच्याशी बोलणारी माणसं त्याला हवीच असतात.