खुडूक कोंबडी आणि तिची पिले

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याची भिस्त मुख्यत्वे कापसावर असते. पावसाने दगा दिला किंवा बोंडअळी पडली म्हणजे वर्षाची कमाई एका हंगामात बुडते. अशा वेळी परसातील चार कोंबड्या मीठमिरचीचा आणि मुलांच्या पाटीपुस्तकांचा आधार होतात. परंतु पुष्कळ घरी बारा अंडी बसविली असता जेमतेम पाच पिले निघतात, आणि त्यांतील दोनही महिनाभर जगत नाहीत. हा दैवाचा दोष असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. आमच्या मते ह्यातील बरेच नुकसान टाळता येण्याजोगे आहे. ते कसे, ह्याचा ह्या पाठात विचार करू.

१. अंड्यांची निवड. कळपात नर नसेल तर अंड्यांतून पिले निघत नाहीत. म्हणून पोल्ट्रीतून बाजारात आलेली खाण्याची अंडी बसविणे व्यर्थ होय. सात दिवसांहून जुने, तडा गेलेले किंवा पातळ कवचाचे अंडे घेऊ नये. मळलेले अंडे धुऊन बसवू नये, कारण कवचास सूक्ष्म छिद्रे असतात व पाण्याबरोबर घाण आत शिरते. अंडी निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावी. हवा सुमारे २१ अंश सेल्सिअसहून उष्ण झाली म्हणजे आतील गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि पुढे मरतो. आमच्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा घरात ठेवलेली अंडी कोंबडी बसण्यापूर्वीच बिघडतात. ह्यास्तव उन्हाळ्यात ती ओल्या वाळूवरील मडक्यात ठेवून दोन-तीन दिवसांतच बसवावी. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ त्याहून उत्तम.

२. उबवण. देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. अधिक ठेवल्यास काहींना ऊब लागत नाही. तिच्या पिसांतील उवा काढण्यास राखेत लोळू द्यावे. दाणापाणी जवळ असावे. सातव्या रात्री अंधारात विजेरीसमोर अंडे धरून पाहावे. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. यंत्रात उबवावयाची असल्यास पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ अंश ठेवावी, आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज निदान तीन वेळा फिरवावी. मिसर देशात दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवीत आले आहेत. तेथील कारागीर अंडे पापणीस लावून उष्णता ओळखीत. एकविसाव्या दिवशी पिले कवच फोडतात. घाई करून त्यांस बाहेर ओढू नये. शिरा तुटून पिलू मरते.

३. पिलांचे संगोपन. पोटातील बलकावर पिलू दोन दिवस राहू शकते, परंतु कोरडे होताच त्यास पाणी व बारीक कण्या द्याव्या. पाणी उथळ ताटलीत खडे घालून ठेवावे, म्हणजे पिलू बुडत नाही. आईविना पिलांस पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्यास तीन अंश कमी करावी. पिले दिव्याखाली दाटीने बसली तर थंडी आहे, दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्मा अधिक आहे, सर्वत्र पसरून चरू लागली तर ऊब योग्य आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या धुराने पिलेच काय, माणसेही दगावतात. खालचे तूस कोरडे ठेवावे, कारण ओलाव्यात रक्ती हगवण पसरते. घार व मुंगूस ह्यांपासून रक्षणास डालगे हवेच.

४. मानमोडी. १९२७ साली हा रोग कुमाऊंतील राणीखेत येथे आढळला, त्यावरून त्यास राणीखेत रोग म्हणतात. तो गावातला कळप आठवड्यात रिकामा करू शकतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत थेंब घालून ती देतात, व पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्या वेळी द्याव्या. एका घराने लस घेऊन भागत नाही. शेजारची आजारी कोंबडी रोग आणतेच. म्हणून सर्व आळीने एका दिवशी लसीकरण करवून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न: आपल्या घरी गेल्या वर्षी किती अंडी बसविली आणि किती पिले मोठी झाली? नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले? ह्याची नोंद एका वहीत ठेवली तर पुढल्या वर्षी चूक सापडेल.