ऑफिसातले नळ आणि हीटिंग बंद पडले तर...



गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसातला बॉयलर बंद पडला. लोक कोट-मफलर घालून कॉम्प्युटरपुढे बसले होते. मंगळवारी पाण्याचा पंपही बिघडला आणि आमच्या मजल्यावरच्या तीन टॉयलेटांपैकी दोन बंद झाली. माणसे चाळीस, टॉयलेट एक! मॅनेजरसाहेब म्हणाले, "बिल्डिंगवाल्यांना कळवले आहे." शुक्रवारपर्यंत तेच उत्तर.

त्या आठवड्यात आम्ही बरेच जण पाणी पिणेच टाळू लागलो. आमच्या एका मराठी सहकारी भगिनीला पुढच्या आठवड्यात लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती पिता?" कंपनीने स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर ती इथे आलेली. "उगाच कशाला साहेबांच्या डोळ्यावर यायचे?" म्हणून ती गप्प राहिली. खरे सांगायचे तर मीही गप्पच होतो. शनिवारी मी कायदा वाचायला बसलो. बेसिंगस्टोकमध्ये आपल्यापैकी अनेक जण नोकरी करतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून वाचलेले थोडक्यात देत आहे.

कायदा काय सांगतो?

मूळ कायदा १९७४ चा, 'हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅट वर्क अ‍ॅक्ट'. कामाच्या जागी आपले आरोग्य सांभाळणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे त्यात स्पष्ट आहे. सोयींचा तपशील १९९२ च्या 'वर्कप्लेस रेग्युलेशन्स'मध्ये आहे.

१. टॉयलेट: स्त्री-पुरुष मिळून ६ ते २५ माणसांना किमान दोन, २६ ते ५० ना तीन, ५१ ते ७५ ना चार आणि ७६ ते १०० ना पाच, असे प्रमाण नियमांसोबतच्या मान्यताप्राप्त संहितेत दिले आहे. हात धुण्याच्या बेसिनांचेही प्रमाण तेच.

२. पाणी: पिण्याचे स्वच्छ पाणी हवेच. हात धुण्यासाठी गरम किंवा कोमट पाणी, साबण आणि हात कोरडे करण्याची सोय हवी.

३. तापमान: नियमात 'वाजवी' एवढाच शब्द आहे. संहितेनुसार ते साधारणपणे किमान १६ अंश असावे. अंगमेहनतीच्या कामासाठी १३ अंश. अनेकांना वाटते की १६ च्या खाली पारा गेला की आपोआप घरी जाता येते. तसे नाही. पण पारा खाली गेला असताना मालकाने काहीच केले नाही, तर ते वाजवी होते हे पटवून देणे त्याला जड जाते. तापमान पाहता यावे म्हणून पुरेसे थर्मामीटर ठेवणेही मालकावर बंधनकारक आहे. कमाल तापमानाचा आकडा मात्र कुठेच दिलेला नाही.

४. दुरुस्ती: सोय नुसती असून भागत नाही, ती चालू स्थितीत ठेवावी लागते. इमारत भाड्याची असली तरी आपल्यापुरता मालक जबाबदार असतोच. "घरमालक बघेल" हे कायद्याच्या दृष्टीने उत्तर नव्हे. या सोयींसाठी कर्मचाऱ्यांकडून पैसेही घेता येत नाहीत.

आपण काय करावे?

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग कळवतो तसेच इथेही करावे: काय बिघडले, कुठे, केव्हापासून, किती माणसांना त्रास होतो. तारखा व तापमान रोज टिपून ठेवावे. मग मॅनेजरला ई-मेलने कळवावे. तोंडी सांगितलेले पुढे कुणाला आठवत नाही. युनियनचा किंवा निवडलेला सेफ्टी प्रतिनिधी असेल तर त्याच्यामार्फत जावे. मधुमेह, गरोदरपण किंवा दुसरी काही अडचण असल्यास तेही लिहावे.

दाद लागली नाही तर बाहेर तक्रार करता येते. ऑफिसे, दुकाने, हॉटेले आणि गोदामे बरो कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य खात्याकडे येतात. आपल्याकडे बेसिंगस्टोक अँड डीन कौन्सिल. कारखाने, इस्पितळे व शाळा हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे. आपले नाव मालकाला कळू नये अशी विनंती करता येते.

काम टाकून निघून जाणे हा मात्र शेवटचा उपाय. गंभीर आणि तत्काळ धोका आहे असे रास्तपणे वाटले, उदाहरणार्थ गॅसचा वास आला, तरच कायदा त्याला संरक्षण देतो. बंद टॉयलेट सहसा त्यात बसत नाही. घरचा हीटर परवानगीशिवाय ऑफिसात लावणेही टाळावे.

पगार आणि रजा

आपण कामाला तयार आहोत पण ऑफिसच बंद आहे, अशा वेळी करारात तशी तरतूद असल्याशिवाय पगार कापता येत नाही. बिनपगारी 'ले-ऑफ'ची तरतूद असली, तरी महिनाभर नोकरी झालेल्याला तीन महिन्यांत पाच दिवसांपर्यंत ठरावीक हमी-रक्कम मिळू शकते. "आजची रजा टाका" असेही ऐन वेळी सांगता येत नाही. करारात वेगळे नसेल, तर सक्तीच्या रजेसाठी तिच्या दुप्पट दिवसांची पूर्वसूचना लागते. एका दिवसाच्या रजेला दोन दिवसांची.

नोकरी जाईल का?

खरी भीती हीच. १९९६ च्या 'एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट'चे कलम ४४ आणि कलम १०० याच्यासाठीच आहे. सेफ्टी प्रतिनिधी नसताना, आरोग्याला अपाय करणारी गोष्ट रीतसर मालकाच्या कानावर घातली म्हणून कर्मचाऱ्याला त्रास देता येत नाही आणि कामावरून काढताही येत नाही. हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे आणि व्हिसा स्पॉन्सरशिपचा असला तरी ते लागू आहे. तरीही कोणी त्रास दिलाच, तर लगेच एकासला फोन करावा (०३०० १२३ ११००). सल्ला मोफत मिळतो. ट्रायब्युनलची मुदत थोडी असते, तेव्हा थांबू नये.

एकट्याला जड वाटत असेल तर चार जणांनी मिळून लिहावे. ही रीत आपल्याला नवी नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागणारा अर्ज केला, त्यावर हजारो कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली.

आमचे काम एवढे लांबले नाही. दुसऱ्या सोमवारी आम्ही सहा जणांनी एक ई-मेल पाठवला; ती भगिनीही त्यात होती. मजकूर आठ ओळींचा: तारखा, तापमान, चाळीस माणसे, एक टॉयलेट, नियमाचा उल्लेख. रागाचा शब्द एकही नाही. त्याच दुपारी वरच्या मजल्यावरची टॉयलेट वापरायला मिळाली, दुसऱ्या दिवशी हीटर आले आणि बुधवारी बॉयलर सुरू झाला. कुणाची नोकरी गेली नाही. हाच ई-मेल पहिल्या मंगळवारी पाठवला असता तर बरे झाले असते, एवढेच वाटते.

(हा लेख इंग्लंडमधील नियमांची सर्वसाधारण ओळख आहे. स्वतःच्या प्रकरणात एकास, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा युनियनचा सल्ला जरूर घ्यावा.)